पाठीवरची अम्मा

माझ्या नावावर पहिली गोष्ट छापून आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. सांगलीच्या आमच्या गुरुजींनी मुलांसाठी काढलेल्या दिवाळी अंकात ती आली होती. पुढे मी मुलांसाठी बरीच पुस्तकं लिहिली, पण त्या पहिल्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. तो कशाचा आहे, हे एकदा सगळं सांगून टाकते.

आमचं गाव शिराळ्याजवळचं. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत हवालदार होते. पेन्शन घेऊन आल्यावर घरच्या चार बिघ्यांत तीन भाऊ, तेव्हा पलटणीतल्या एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून ते रंगूनला गेले आणि तिथल्या गोदीवर मुकादम झाले. मी तेव्हा दोन वर्षांची होते. धाकटी बहीण तिकडेच झाली, मी आठ वर्षांची असताना. तिच्या वेळी आई सहा महिने अंथरुणाला खिळली. त्या सहा महिन्यांत आम्हा दोघींना जिनं सांभाळलं ती शेजारच्या खोलीतली तेलुगू बाई. तांदळाच्या गिरणीत पाखडण्याचं काम करायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. आईही अम्माच म्हणायची, आबाही.

तिच्या अंगाला सदा कोंड्याचा वास यायचा. वेणी इतकी घट्ट घालायची की माझे डोळे ताणले जायचे आणि हललं की पाठीत धपाटा बसायचा. आबांना भाकरीवाचून जेवण जात नाही म्हणून तिनं कुठून तरी ज्वारी मिळवली आणि आईकडून भाकरी थापायला शिकली. तिची भाकरी कडेला चिरायचीच. आबा हसून म्हणायचे, "अम्मा, ही भाकरी हाय का रंगूनचा नकाशा?" तिला मराठी कळायचं नाही, पण ती आबांच्या ताटात दुसरी भाकरी वाढायची. धाकटी तिच्याच कडेवर वाढली. तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं ते तेलुगूत.

मग रंगूनवर बाँब पडले. आमची चाळ वाचली, गोदीवरची माणसं गेली. जो तो हिंदुस्थानाकडे निघाला. अम्मा तिच्या खोलीच्या दारात बसून होती. तिला जायला कुठलंच घर नव्हतं. आबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हिंदुस्तानीत म्हणाले, "तू पण चल. आमच्या गावात तुला एक खोली देईन." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनं आबांना बरोबर न्या म्हणून गळ घातली नव्हती. आबा आपण होऊन बोलले होते.

मंडालेपर्यंत आगगाडी मिळाली, पुढे नदीतून बोट, आणि मग डोंगर. डोंगराच्या पायथ्याला वाटा दोन होत्या. एका वाटेवर पाण्याची सोय होती, मुक्कामाला छपरं होती. ती गोऱ्यांसाठी. दुसरी आमच्यासाठी. आबांनी पेन्शनीचं पुस्तक काढून दाखवलं, सोळा वर्षं सरकारची चाकरी केली म्हणून सांगितलं. तिथल्या शिपायानं पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. हातातल्या काठीनं दुसरी वाट दाखवली. आबांनी सलाम ठोकला आणि आम्ही त्या वाटेला लागलो. माझे आबा ज्याला सलाम करतात तो माणूस आबांकडे बघत नाही, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं.

त्या वाटेवर काय होतं ते सगळं मी सांगणार नाही. बसलेली माणसं होती, एवढं सांगते. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे बघायची. तिसऱ्या दिवसापासून बघायचं सोडलं. आई बोचकं घेऊन चालायची, आबांच्या पाठीवर तांदूळ आणि भांडी, आणि धाकटी अम्माच्या कडेवर. धाकटीला जुलाब लागले होते. अम्माचं लुगडं तिच्यामुळे खराब व्हायचं, ओढा आला की अम्मा ते धुवायची आणि ओलंच नेसून पुढे चालायची.

सहाव्या दिवशी अम्माच्या पायाला जखम झाली, आणि आठव्या दिवशी तो पाय गुडघ्यापर्यंत सुजला. दुपारच्या आधी एका वळणावर ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसली. आबा तिच्यापुढे उकिडवे बसले. पायाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "अम्मा, पुढची छावणी जवळ आहे. तिथून डोली पाठवतो. इथंच थांब."

अम्मानं धाकटीला कडेवरून उतरवून आईच्या हातात दिलं. आबांनी पाण्यानं भरलेला एक तांब्या तिच्याजवळ ठेवला. मी जागची हलेना, तेव्हा ती मला म्हणाली, "पो. पो." म्हणजे जा. धाकटी ओरडत होती. वळण संपेपर्यंत मला अम्माचे पाय दिसत होते.

छावणी खरंच जवळ होती. तासाभरात आम्ही पोचलो. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी त्यांनी मला विचारलं, की छावणी फार लांब होती का. नव्हती. मी दहा वर्षांची होते, थकलेली होते, आणि मी तासाभरात चालून गेले. छावणीत टेबल टाकून एक कारकून बसला होता. डोल्या उचलणारे डोंगरी हमाल बाजूलाच विड्या ओढत होते. कारकुनानं विचारलं, "कितने आदमी?"

"चार," आबा म्हणाले.

"पीछे कोई छूटा है?"

"नहीं, साब. कोई नहीं."

मी आबांचा सदरा ओढला. त्यांनी माझा हात धरला आणि इतका दाबला की बोटं एकमेकांवर चढली. मग आम्हाला भात आणि पत्र्याच्या डब्यातून चहा मिळाला. मी भात खाल्ला. चहासुद्धा सगळा प्यायले.

गावी आलो तेव्हा उन्हाळा सरत आला होता. लोक आम्हाला रंगूनवाले म्हणू लागले. "जपान्याला भिऊन पळून आली," असंही म्हणायचे, आमच्या तोंडावर.  आबा भावाबरोबर शेतात जायचे आणि दिवस मावळला की यायचे. अम्माचं नाव घरात काढायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं. पण धाकटीला कोण बजावणार? ती अम्माला हाका मारायची, तेलुगूत पाणी मागायची, आणि चुलत भावंडं तिच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. मी त्यातल्या एकाला चावले होते. नागपंचमीपर्यंत धाकटी मराठीत पाणी मागायला लागली आणि अम्माला विसरली.

पुढच्या वर्षी मला शाळेसाठी सांगलीला मामाकडे ठेवलं. मामा एका छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे ठसे, जुळवायचा. माणूस फार मायेचा. गुरुजींचा अंक त्याच छापखान्यात छापला जायचा. हे गुरुजी आमच्या वर्गाला मराठी शिकवायचे. सांगलीत त्यांना मान होता आणि तो खोटा नव्हता. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तरी ते दारोदार फिरून अंकापुरता कागद जमवायचे.

त्या सुमारास कोल्हापूरजवळ पोलंडहून पळून आलेल्या बायकामुलांची छावणी वसली होती. सांगलीचे लोक ती बघून यायचे आणि त्या पिवळ्या केसांच्या पोरांबद्दल हळहळायचे. वर्गातल्या मुलींनी त्यांच्यासाठी रुमाल शिवून पाठवले. मीही एक शिवला. त्या पोरांवर माझा राग नव्हता. त्यांचंही काही तरी मागं राहिलं असणार. पण रुमाल शिवताना मला सारखं वाटायचं, आम्ही शिराळ्याला आलो तेव्हा कोणी एक चिंधीसुद्धा का दिली नाही?

लढाईतून पळून आलेल्या कुटुंबावर मुलांसाठी गोष्ट हवी, असं गुरुजींच्या मनात आलं. मग कोणी तरी त्यांना सांगितलं, की तशी एक मुलगी तुमच्याच वर्गात आहे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"तू बर्मा बघितलास, डोंगर चालून आलीस. लिहिशील?"

"सगळं लिहू?" मी विचारलं.

"सगळं लिही, बाळ. मनात काही ठेवू नकोस."

दोन वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मामा छापखान्यातून रद्द झालेले कागद आणायचा. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी आठ दिवस लिहीत होते. कोंड्याचा वास लिहिला, धपाटे लिहिले, नकाशाची भाकरी लिहिली. वळण लिहिलं. कारकुनाचे दोन प्रश्न आणि आबांची दोन उत्तरं लिहिली. मी खाल्लेला भातही लिहिला. बारा पानं झाली. गुरुजींना नेऊन दिली तेव्हा माझं अंग हलकं झालं होतं.

दिवाळीच्या आधी मामा अंक घेऊन घरी आला. माझ्या गोष्टीचे खिळे त्यानं स्वतः जुळवले होते, गुरुजींनी त्यांच्या हातानं लिहून दिलेल्या प्रतीवरून. माझे कागद त्यानं बघितलेच नव्हते. त्याचे डोळे भरून आले होते.

"दाजींनी एवढं केलं, आन् कवा तोंडातनं शबूद काढला न्हाई," तो म्हणाला. "लय मोठा माणूस."

मी वाचायला घेतलं. माझं नाव मोठ्या टायपात होतं. खाली लिहिलं होतं, की दमलेल्या अम्माने मला सोडून तुम्ही पुढे जा असे विनवले, पण शूर वडिलांनी क्षणाचाही विचार न करता तिला पाठीवर घेतले. ते तीन दिवस तसेच चालले. वाटेत वाघ दिसला तोही त्यांचे धैर्य पाहून निघून गेला. शेवटी सारे सुखरूप मायभूमीला पोचले आणि अम्माने मातीला मस्तक टेकवले. बारा पानांची अडीच पानं झाली होती. माझा म्हणावा असा एक शब्दही त्यात नव्हता. आम्हाला वाघ कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींच्या घरी गेले. ते ओसरीवर अंक बांधत बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला.

"आवडली ना गोष्ट?"

"असं झालं नव्हतं, गुरुजी."

"ठाऊक आहे मला. तुझं लिहिणं वाचून मी रात्रभर जागा होतो." त्यांनी सुतळी खाली ठेवली. "पण हे मुलांसाठी आहे, बाळ. मुलांना धीर द्यायचा की घाबरवायचं? आणि आपल्या वडिलांविषयी असं लिहितात का?"

"तुम्हीच म्हणालात, सगळं लिही."

"तू लिहिलंस ते चांगलं केलंस. मन मोकळं झालं तुझं. छापायचं काय, ते मोठ्यांनी ठरवायचं असतं."

"मीपण मुलगीच आहे," मी म्हणाले. "मला नाही का धीर द्यायचा?"

 गुरुजींनी आतून करंज्या मागवल्या. मी माझी बारा पानं परत मागितली. अंकाच्या बाकी कागदांबरोबर छापखान्यात गेली असतील, शोधून देतो म्हणाले. मी करंजी न घेता निघाले.

दिवाळीला मामानं पाच अंक घेऊन मला गावी आणलं. पाडव्याच्या दिवशी ऊन कलल्यावर मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली आणि शाळेच्या मास्तरांनी माझी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली. पळपुटे म्हणणारेच पुढे बसले होते. आबांना मधोमध घोंगड्यावर बसवलं होतं. मी आईजवळ बायकांत उभी होते आणि आबांचं तोंड बघत होते. मला वाटत होतं, आता उठतील, आता सांगतील. पाठीवर घेतल्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "आवं हवालदार, गावाला ठावंच न्हाई की वो. पर मग ती बाई हाय कुठं आता?"

आबांनी घोंगड्याची कड सारखी केली. मग म्हणाले, "गेली तिच्या मुलखाला. भाऊ आला हुता न्यायला."

हे गुरुजींनी लिहिलेलं नव्हतं. हे आबांनी स्वतःचं घातलं.

मी पुढे गेले. आईनं माझा परकर धरला होता तो फाटला. मी म्हणाले, "तिला भाऊ नव्हता. आबांनी तिला डोंगरात बसवलं आन् डोली पाठवतो म्हणाले. छावणीत विचारलं तर मागं कोणी न्हाई म्हणून सांगितलं. मी तिथं हुते."

 मास्तर अंकाची पानं चाळायला लागले. मग मागून एक जण म्हणाला, "पोरीला तिकडचं कायतरी बाधलंय," आणि चार जणांनी व्हय व्हय केलं. आबा उठले, पायताणं घातली आणि शेताच्या बाजूला चालू लागले.

घरी आल्यावर आईनं मला मारलं. तिनं आधी कधी हात उचलला नव्हता. चुलीजवळची फुंकणी घेऊन मारलं आणि मारता मारता खाली बसली.

"त्यास्नी काय इचारतीस? मला इचार," ती म्हणाली. "मी म्हणलं, चला. छावणीत डोली मागितली तर एकच द्यायचे. धाकटीच्या अंगात पाणी राह्यलं न्हवतं. ती डोली हिला पायजे हुती. अम्मासाठी डोली माघारी गेली असती तर धाकटी त्या छावणीतच गेली असती. मीच म्हणलं त्यास्नी, कोण न्हाई म्हणून सांगा."

मला आठवलं. छावणीतून निघताना धाकटीला खरंच डोलीत घातलं होतं. मी तिच्या बाजूनं चालले होते आणि अम्माची डोली कुठं दिसते का म्हणून मागं बघत होते.

आईवर रागावावं तर धाकटी समोर जिवंत खेळत होती. मला तिचासुद्धा राग आला. माझा राग तेव्हा असा सुटला की त्याला धरायला कोणी उरेना.

आबा त्या सुटीत माझ्याशी बोलले नाहीत. पण महिनाभरानं ते सांगलीला आले. शिराळ्याहून मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी. अंगावर पलटणीतला जुना कोट होता. मामाकडे पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "चल, गुरुजींकडं."

गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. आबा बसले नाहीत.

"पोरीनं लिवलं हुतं ते खरं हाय," ते म्हणाले. "ते छापा."

गुरुजी गडबडले. "हवालदार, अहो, तुमचीच अब्रू जाईल."

"ती तिथंच गेली. आता गावात लोक मला रामराम घालत्यात, त्यो सोसवत न्हाई."

गुरुजींनी पुष्कळ समजावलं. कागद संपला आहे. पुढच्या अंकाचं खात्रीनं सांगता येत नाही. मुलांचे पालक काय म्हणतील? आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "मग तिची पानं तरी द्या."

पानं नव्हती. छापखान्यात रद्दीबरोबर गेली होती. गुरुजी ओशाळले, खरंच ओशाळले, पण पानं गेली ती गेली. येताना आबा कृष्णेच्या घाटावर थांबले. तोंडावर पाणी मारून घेतलं. मी मागं पायरीवर उभी होते. त्यांनी मला जवळ बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. तेवढा राग शिल्लक होता, आणि आज वाटतं, तो मी त्या दिवशी तरी खाली ठेवायला हवा होता. संध्याकाळच्या आत ते गावाकडे निघाले.

आबा आणखी एकवीस वर्षं जगले. गावात कोणी त्या गोष्टीचा विषय काढला तर म्हणायचे, "त्यात खरं कायबी न्हाई." लोक हसायचे आणि तो त्यांचा मोठेपणाच समजायचे. छापलेलं खोटं त्यांना शेवटपर्यंत पुसता आलं नाही. शाळेच्या कपाटात तो अंक कित्येक वर्षं होता. मास्तर बदलले तरी दर पावसाळ्यात कोणी ना कोणी तो मुलांना वाचून दाखवायचं.

मी लिहायला लागले तेव्हा संपादक मला म्हणायचे, शेवट जरा गोड करा, मुलं वाचणार आहेत. मी कागद परत मागून घ्यायची आणि घरी यायची. त्यापायी माझी तीन पुस्तकं कुठंच छापली गेली नाहीत. लढाईतून पळणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी मी अजून वाचते. बहुतेकांत सगळे पोचतात. कुत्रंसुद्धा पोचतं. पुस्तक मी जोरात मिटते. वयानं चिडचिड वाढली, असं घरातले म्हणतात.

मागच्या वर्षी धाकटी माझ्याकडे राहायला आली होती. ती आता नातवंडांची आजी आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मी तिला सगळं सांगितलं, डोलीसकट. तिला काहीच आठवत नव्हतं. रंगून नाही, डोंगर नाही, कडेवर घेणारं माणूसही नाही. ती खूप वेळ स्वतःचे पाय चोळत बसली.

मग तिनं विचारलं, "नाव काय होतं गं तिचं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. आठ वर्षं ती आमच्या शेजारी राहिली, आम्हा दोघींना वाढवलं, आमच्यासाठी भाकरी शिकली. तिचं नाव मला माहीत नव्हतं. आईनं, आबांनी, मी, आमच्यापैकी कोणी ते तिला कधी विचारलंच नव्हतं.